नियम शर्यतीच्या आधी

३१ जुलै २०२५
रात्री पाऊस. फक्की वाहून गेलेली, पहाटे पुन्हा मारली. आतल्या लेनमध्ये चिखल, म्हणून मुली तिसरीतून पळाल्या.
र. ८०० मीटर – २:१९. पहिली फेरी ६६, दुसरी ७३. सुरुवात अजून फार जोरात करते.
पेपरात बातमी. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा निर्णय: १ सप्टेंबरपासून महिला गटात उतरायचं तर वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची तपासणी. गालाच्या आतून बोळा फिरवून, नाहीतर रक्त घेऊन. आयुष्यात एकदाच. टोकियोच्या जागतिक स्पर्धेपासून लागू.
कात्रण या वहीत चिकटवलं.

१ ऑगस्ट
गेटपाशी एक मुलगी उभी. केस घट्ट बांधलेले, अंगात भावाचा ढगळ टी-शर्ट.
"मॅडम, ओळखलं का?"
चालीवरून ओळखलं. दहावीत असताना याच मैदानावर मुलांच्या गटात ८०० पळायची. २:०८ ची वेळ माझ्या जुन्या वहीत आहे. तेव्हाचं नाव लिहीत नाही. आता स.
"भरतीची तयारी करायचीय. मुलींबरोबर पळू?"
"पळ."

३ ऑगस्ट
स. – २:३४. पळून झाल्यावर बराच वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभी. दीड वर्ष झालं औषधं सुरू होऊन.
"मॅडम, पाय तेच आहेत. श्वास पुरत नाही."
हे पुस्तकातही आहे. टेस्टोस्टेरॉन खाली आणलं की तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीवर येतं. स्नायूंची ताकद फार हळू उतरते, तीन वर्षांनंतरही बरीच शिल्लक दिसली आहे. उंची, हाडं, तळपायाची लांबी जागची हलत नाही. आणि हे अभ्यास बहुतेक खेळाडूंवर झालेले नाहीत. साध्या माणसांवर झालेले आहेत.

५ ऑगस्ट
मुलींचे आरोग्य तपासणीचे फॉर्म भरून घेतले. र. ने एक रकाना कोरा ठेवला. शेवटच्या पाळीची तारीख.
विचारलं नाही.

७ ऑगस्ट
सातारच्या सरांना फोन. माझे जुने प्रशिक्षक, आता थकलेत. म्हणाले, "मुलींचा गट वेगळा नसता तर तू कधी अंतिम फेरी तरी बघितली असतीस का?"
नसती. १०० मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८, बायकांचा १०.४९. ८०० ला १:४०.९१ आणि १:५३.२८. दहा-बारा टक्क्यांचं अंतर. वयात येताना पडतं आणि मेहनतीने भरून येत नाही. माझ्या मैदानावरही तेच. अकरावीची बरी मुलं दोन मिनिटांच्या आसपास, र. जिवाच्या आकांताने २:१९.
हा गट कोणी आयता दिला नाही. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये बायका पहिल्यांदा ऑलिंपिकचं ८०० पळाल्या, मग बायकांना झेपत नाही म्हणून ते बंद. परत आलं ते १९६० ला. मॅरेथॉन तर १९८४ ला.
इतकं झगडून मिळालेलं राखायला हवं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. सुट्टी. स. एकटीच येऊन पळून गेली, असं शिपाईमामांनी सांगितलं.

१२ ऑगस्ट
मंत्रिमंडळाने पोलीस भरतीला मंजुरी दिली. सुमारे १५ हजार पदं. संध्याकाळी मैदानात उभं राहायला जागा नाही.
मुलींना ८००, १०० आणि चार किलोचा गोळा. स. ने गोळा टाकला. लांब गेला. सगळ्या बघत राहिल्या.
एक हळूच म्हणाली, "तिला काय, जाणारच."
दुसरी: "आणि काल ८०० ला तू तिच्या पुढं होतीस, ते?"
दोघींचंही बरोबर.

१३ ऑगस्ट
स. ने पिशवीतून कागद काढून दाखवला. प्लॅस्टिकच्या कव्हरात. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळख प्रमाणपत्र, २०१९ च्या कायद्याखालचं. भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय नव्हता. २०२२ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो सरकारला करायला लावला.
कागद परत घडी न पाडता ठेवला. शिलाईच्या दुकानात काम करते. आईजवळच राहते. वडील बोलत नाहीत.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मुलींना लाडू. र. ने अर्धाच खाल्ला. तिची मनगटं बारीक झालीत.

१७ ऑगस्ट
शांती सौंदराजनबद्दल पुन्हा वाचलं. तमिळनाडूतलं पुदुकोट्टै, गरीब घर. २००६, दोहा, आशियाई स्पर्धा. ८०० ला रौप्य, २:०३.१६. शर्यत झाल्यावर तपासणी, आणि पदक काढून घेतलं. तिने कसलंही औषध घेतलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. जन्माला आली तशी ती पळाली. पुढे जीव द्यायचा प्रयत्न. काही काळ वीटभट्टीवर काम. पदक अजून परत नाही.
८०० ची धावपटू कॅस्टर सेमेन्या, २००९, बर्लिनची जागतिक स्पर्धा. वय १८. अंतिम शर्यतीच्या दिवशीच तिच्या तपासणीची बातमी जगभर.
दुती चंद, २०१४. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळली. ती क्रीडा लवादात गेली, २०१५ ला टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नियम स्थगित झाला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० ला दोन रौप्यपदकं. जाजपूरच्या विणकराची मुलगी.
तिघीही ट्रान्सजेंडर नाहीत. मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणूनच वाढल्या. लोक सगळं एकात कालवतात.

१८ ऑगस्ट
सेमेन्याचा खटला अजून संपत नाही. २०१९ ला क्रीडा लवाद म्हणाला, टेस्टोस्टेरॉनचा नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गट राखायला आवश्यक आहे. गेल्या महिन्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं, स्विस न्यायालयात तिचं म्हणणं न्याय्य रीतीने ऐकलं गेलं नाही. तोवर तिची पळण्याची वर्षं निघून गेली.

२१ ऑगस्ट
तालुका शालेय स्पर्धा. र. पहिली, २:१७.४. शेवटच्या दीडशेत सुटली. दुसरीपेक्षा नऊ सेकंद पुढे.
बक्षीस द्यायच्या आधी दुसऱ्या शाळेचे एक पालक टेबलापाशी आले. "आवाज ऐका तिचा. खांदे बघा. ही मुलगीच आहे कशावरून? तपासणी करा."
र. चार हातांवर बूट सोडत होती. बूट सोडत राहिली.
मी म्हटलं, "लेखी द्या. खाली सही करा."
लेखी कोणी दिलं नाही.
घरी आल्यावर हात थरथरत होते. या मुलीने कोणता नियम मोडला? उंच वाढली, जोरात पळाली.

२२ ऑगस्ट
र. सरावाला नाही.

२३ ऑगस्ट
नाही.

२४ ऑगस्ट
र. ची आई घरी आली. चहा नको म्हणाली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.
"मॅडम, पोरीला सतरावं लागलं. अजून आली न्हाई. वस्तीवर बायका इचारत्यात." मग: "वर गेल्यावर तिथं बी तपासत्यात का?"
खरं तेच सांगितलं. शाळेच्या स्पर्धेत मी तपासू देणार नाही. देशासाठी पळायची वेळ आली तर तपासतील.
आणि सांगितलं, डॉक्टरकडे जाऊ. शर्यतीसाठी नाही, तिच्या तब्येतीसाठी. सतराव्या वर्षी पाळी नसेल तर पळणाऱ्या मुलीलाही दाखवायचं आणि न पळणाऱ्या मुलीलाही. खाणं कमी आणि पळणं जास्त, एवढ्यानेही ती लांबते. आणखीही कारणं असतात.
"आनी काय निघालं तर?"
"तर ते आधी तुम्हाला आणि तिला कळेल. गावाला नाही."

२५ ऑगस्ट
स्पेनची मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो. अडथळ्यांची शर्यत. १९८५, कोबे. गुणसूत्रांच्या तपासणीत वाय निघालं. दुखापतीचं नाटक कर आणि निघून जा, असा सल्ला मिळाला. पुढच्या वर्षी ती देशातल्या स्पर्धेत पळाली, आणि अहवाल वर्तमानपत्रांत. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच करता येत नव्हता, म्हणजे फायदा शून्य. ती लढली, १९८८ ला परत घेतली.
१९९६, अटलांटा. ३३८७ जणींची तपासणी, आठजणी अडकल्या, आठहीजणींना खेळू दिलं. मग १९९९ ला ऑलिंपिक समितीने ही सरसकट तपासणी सोडून दिली. आता पुन्हा. नव्या नियमात पातिन्योसारख्यांना सूट आहे, इतकं तरी शिकलेत. पण एसआरवाय ज्यांनी १९९० ला शोधलं, ते अँड्र्यू सिंक्लेअर स्वतः म्हणतात, या एका जनुकावरून स्त्री की पुरुष हे ठरवू नका.

२६ ऑगस्ट
गावातल्या गणेश मंडळाची २९ ला धाव, राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त. तीन किलोमीटर. महिला गटाला ३०००, २०००, १०००. स. ने नाव दिलं. कार्यकर्त्याने प्रमाणपत्र पाहिलं आणि पावती फाडली.
मला संध्याकाळी कळलं.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. डोकं त्यातच.
स. ला पळू नको म्हणायचा मला काय हक्क? आणि मुलींना काय सांगू? ट्रान्स महिला लॉरेल हबर्डचं नाव चार वर्षांपूर्वी घराघरात गेलं होतं. टोकियो, वजन उचलणं, तिन्ही प्रयत्न फसले. ट्रान्स जलतरणपटू लिया थॉमसने २०२२ ला अमेरिकेतली विद्यापीठांची ५०० यार्डांची पोहण्याची शर्यत जिंकली. एक हरली म्हणून फायदा नाही असं ठरत नाही. एक जिंकली म्हणून सगळ्या जिंकतात असंही नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे ५ लाख १० हजार खेळाडू, त्यांत ट्रान्स खेळाडू दहाहून कमी, असं त्यांच्याच संघटनेच्या अध्यक्षांनी सिनेटमध्ये सांगितलं.
थोडे आहेत, म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. थोडे आहेत, म्हणून त्यांना ठेचायलाही नको.

२९ ऑगस्ट
र. आली. आई पाठवत नव्हती, हट्टाने आली.
सकाळी साडेसहा, एसटी स्टँडपासून. र. पहिली. फलटणच्या अकादमीची एक मुलगी दुसरी. स. तिसरी. चार सेकंदांनी नववीतली छोटी, चौथी. छोटीचे वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीआधी सगळं घर निघेल.
माईकवरून नावं पुकारली आणि गलका. "त्याला कसं बक्षीस?" मग कोणीतरी, "पहिली तरी कुठं सरळ आहे?"
एका दमात दोघी.
मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, "नोंदणी कोणी घेतली?" "आम्हीच." "नियम काय ठेवला होता?" नव्हताच ठेवला. "मग आता लोकांसमोर ठरवायचं नाही."
बक्षीस स. ला दिलं. तिने पाकीट घेतलं, फोटोला थांबली नाही.
छोटी माझ्याजवळ आली. "मॅडम, मी तिसरी का चौथी?"
"चौथी."

३० ऑगस्ट
झोप नाही. एक हजार रुपये. छोटीच्या घरात ती रक्कम किती मोठी, मला माहीत आहे.
पण स. ने फसवलं नाही. कागद दाखवून नाव दिलं, घेतलं, पळाली. शर्यत झाल्यावर तिचं बक्षीस काढलं असतं तर तेच झालं असतं जे दोह्यात झालं.
शर्यत झाल्यावर लावतात ती शिक्षा. नियम आधी हवा. लिहिलेला, सगळ्यांना वाचून दाखवलेला.

१ सप्टेंबर
गौरी जेवल्या. आजपासून तो जागतिक नियम लागू.
निदान आधी आहे, सगळ्यांना आहे, एकदाच आहे. खांदे बघून, आवाज ऐकून एकीला बाजूला काढत नाहीत. इतकं मला मान्य. पण निकाल हातात पडेल तेव्हा त्या मुलीजवळ कोण बसेल? एका तपासणीला शंभर डॉलरपर्यंत संघटना देणार आहे. त्यानंतरच्या वर्षांचं काय? फ्रान्सच्या कायद्यात ही तपासणी बसत नाही, तिथल्या मुली देशाबाहेर जाऊन करून आल्या. आमच्या मुली कुठे जातील?

२ सप्टेंबर
जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर. र., तिची आई, मी. डॉक्टरबाई चांगल्या. आधी र. शी एकटीशी बोलल्या.
उंची १७१, वजन ४३. हिमोग्लोबिन ८.९. या रक्तावर ती २:१७ पळते आहे.
महिनाभर पळायचं नाही. बाकीचे नमुने पुण्याला पाठवले.
एसटीत र. खिडकीला डोकं लावून. "मॅडम, जिल्ह्याला?"
"यंदा नाही."
रडली नाही. घाट संपेपर्यंत काही बोलली नाही.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिले. स. ने मोबाइलवर अनया बांगरचा व्हिडिओ दाखवला. माजी क्रिकेटपटू संजय बांगरांची ट्रान्स मुलगी, मुंबईत क्लब क्रिकेट खेळलेली. २०२३ च्या नोव्हेंबरात आयसीसीने ठरवलं: ज्या मुलगा म्हणून वयात आल्या, त्यांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट नाही. ती उघडपणे बोलते, अभ्यास करा, आमच्या शरीराची मापं घ्या, मग ठरवा.
"मॅडम, ती मोठ्या घरची आहे. तिचं ऐकतात तरी. माझं कोण मोजणार?"
"मी मोजते. रोज घड्याळ लावते ना?"
हसली. पहिल्यांदाच.

८ सप्टेंबर
मंडळाला नवरात्रात पुन्हा धाव घ्यायची आहे. नियम लिहून द्या म्हणाले. रात्री बसले.
वेगळा गट ठेवावा? जागतिक जलतरण संघटनेने २०२३ ला बर्लिनला खुला गट ठेवला, एकही नाव आलं नाही. केरळात २०१७ ला राज्य क्रीडा परिषदेने तिरुवनंतपुरमला ट्रान्सजेंडर खेळाडूंची स्पर्धा भरवली, ती झाली. मणिपुरात इंफाळला फुटबॉलचा संघ उभा राहिला. जिथे माणसं आहेत तिथे गट होतो. आमच्या तालुक्यात स. एकटी. एकटीची शर्यत कसली?

९ सप्टेंबर
मसुदा.
एक. नियम नोंदणीच्या फलकावर. शर्यतीच्या दिवशी बदल नाही.
दोन. मुलगा म्हणून वयात आलेली ट्रान्स महिला याच रांगेतून पळेल. तिची वेळ आणि नाव पुकारलं जाईल. ती ज्या क्रमांकाने येईल त्याइतकंच बक्षीस तिला वेगळं. मागच्या मुलीचा क्रमांक खाली जाणार नाही.
तीन. कागद बंद खोलीत, एका बाईने बघायचे.
चार. कोणाच्याही शरीराबद्दल तोंडी हरकत घेणाऱ्याला मैदानाबाहेर. शाळकरी मुलींची तपासणी मंडळ करणार नाही.
दुसऱ्या कलमाशी सर्वांत जास्त वेळ अडले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत महिला गटाची रेघ कडक हवी, हे मला पटतं. तीच रेघ गावच्या धावेपर्यंत ओढत आणली तर स. ला पळायला जमीनच उरत नाही. पण पाच टक्के क्रीडा आरक्षण, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, छोटीचे हजार रुपये, हेही हवेत विरत नाहीत. जिथे एकीचं मिळणं म्हणजे दुसरीचं जाणं, तिथे रेघ. बाकी सगळीकडे दार उघडं.

११ सप्टेंबर
मसुदा आधी स. ला दाखवला. उभ्या उभ्या वाचला.
"म्हणजे मी मुलींत नाही."
"मैदानात आहेस."
"मी ते विचारलं नाही, मॅडम."
गेली.

१२ सप्टेंबर
आली नाही.

१३ सप्टेंबर
टोकियोला स्पर्धा सुरू. स. नाही.
जिल्ह्याच्या यादीतून र. चं नाव कमी केलं. शिक्षकखोलीत एकजण म्हणाले, "शेवटी काढावंच लागलं ना?" सगळ्यांसमोर सांगितलं: रक्त कमी आहे, डॉक्टरांनी विश्रांती दिली आहे, पुढच्या वर्षी ती राज्याला पळेल. यापुढे कोणी काही बोललं तर माझ्याशी बोला.

१६ सप्टेंबर
स. आली. काही न बोलता बारा फेऱ्या. मी वेळ घेतली. तिने विचारली नाही, मी सांगितली.

१८ सप्टेंबर
मंडळाने तीन कलमं घेतली. वेगळ्या बक्षिसाला पैसे नाहीत म्हणाले. पुन्हा गेले. शेवटी मंडपाच्या झालरीच्या खर्चातून हजार बाजूला ठेवायला कबूल झाले. तिसऱ्या क्रमांकापुरते. सध्या एवढंच.

२१ सप्टेंबर
रविवार. दुपारी सगळ्या मुली घरी, टीव्हीसमोर. महिला ८०० ची अंतिम फेरी. केनियाची लिलियन ओदिरा १:५४.६२. क्रातोखविलोव्हाचा १९८३ पासूनचा स्पर्धाविक्रम मोडला. दुसरी १:५४.९०, तिसरी १:५४.९१. सेकंदाच्या शंभरातल्या एका भागाने रौप्य गेलं.
या मुलींना तो एक भाग कळतो. छोटी ओरडली, "छाती टाकायला पाहिजे होती!"
र. पोहे खात होती. दुसऱ्यांदा घेतले.
पुण्याहून बाकीचे रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. काहीही निघालं तरी आधी ती, मग तिची आई, मग मी. याहून पुढे कोणी नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. मंडळाचा फलक लागला. नियम वर, बक्षिसं खाली. छोटीने पहिलं नाव दिलं.
स. बराच वेळ फलकासमोर.
"दुसरं कलम मला पटलेलं नाही."
"माहीत आहे. माझ्याशी भांडत राहा."
"पण या वेळी आधी सांगितलंत." मग: "शर्यत किती वाजता?"
"सहा. आणि पहिला किलोमीटर ३:५० च्या आत पळू नको, नेहमी तिथेच संपतेस."
उद्या पाचला चढाचा सराव. र. घड्याळ धरेल.